ताकच तर होतं! नेत्यांवर नारळ, टोमॅटो, शेण फेकणं हा निषेध की हल्ला?

१० ऑगस्ट २०२४, शनिवार. ठाण्यात गडकरी रंगायतनला उद्धव ठाकरे यांचा मेळावा होता. त्यांचा ताफा शहरात आला आणि मनसेच्या कार्यकर्त्यांनी गाड्यांवर नारळ, शेण आणि बांगड्या फेकल्या. आदल्याच दिवशी बीडमध्ये मनसेच्या राज ठाकरे यांच्या ताफ्यावर उद्धव ठाकरे गटाच्या कार्यकर्त्यांनी सुपाऱ्या फेकल्या होत्या. ठाण्याचे नारळ हे बीडच्या सुपारीला दिलेलं उत्तर होतं. पोलिसांनी धरपकड केली, गुन्हे नोंदवले. दुसऱ्या दिवशी तलावपाळीच्या कट्ट्यावर मात्र सरळ दोन तट पडले. एक म्हणत होता, "लोकांनी राग दाखवायचाच नाही का? बंदूक तर नाही ना काढली कोणी!" दुसरा म्हणत होता, "आज नारळ, उद्या दगड, परवा काय?"

दोन्ही बाजूंना आपलं म्हणणं इतकं उघड वाटत होतं की समोरचा काय बोलतोय हे कोणी ऐकतच नव्हतं. निवडणूक जवळ आली की हा वाद पुन्हा निघतो. म्हणून तो पायापासून उलगडून बघू. माझं मत लपवणार नाही, पण ते कुठून आलं तेही सांगेन.

वस्तू बोलतात

फेकणारा हाताला येईल ते उचलत नाही, वस्तू निवडतो. "सुपारी घेतली" याचा मराठीतला अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही. पैसे घेऊन दुसऱ्याचं काम करणारा माणूस. बीडच्या रस्त्यावर पडलेली प्रत्येक सुपारी हे एक वाक्य होतं. शाई म्हणजे तोंड काळं करणं. कांदा म्हणजे आमच्या मालाला भाव नाही. २०२० च्या नोव्हेंबरात बिहारमध्ये मधुबनी जिल्ह्यातल्या हरलाखीच्या सभेत नितीश कुमार यांच्यावर कांदे आले, तेव्हा कोणी भाषण न करताही मुद्दा कळला. त्यांनीही व्यासपीठावरून सुरक्षारक्षकांना सांगितलं, फेकू द्या त्याला. बगदादमध्ये १४ डिसेंबर २००८ ला एका पत्रकाराने जॉर्ज बुश यांच्यावर बूट फेकले. तिकडे पादत्राण दाखवणं हा किती मोठा अपमान आहे, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. आपल्याकडेही जोडे मारो आंदोलनं होतातच.

फेकण्यात अर्थ असतो, हे मान्य करूनच पुढे जायला हवं. "नुसता गुंडपणा आहे" असं म्हणून मोकळं होणाऱ्यांना हा भाग दिसत नाही.

पण वस्तू कधी कधी फेकणाऱ्याला म्हणायचं नसतं तेही बोलून जाते. बांगड्यांचंच घ्या. पुरुष नेत्यावर बांगड्या फेकायच्या म्हणजे "तू बाई आहेस, दुबळा आहेस" असं सांगायचं. माझ्या आईने चाळीस वर्षं हातात बांगड्या घालून पहाटे साडेचारला नळावर पाणी भरलं. तिच्या हातातली वस्तू दुबळेपणाची खूण म्हणून रस्त्यावर फुटते, तेव्हा अपमान गाडीत बसलेल्याचा कमी आणि काचा झाडणाऱ्या बाईचा जास्त होतो. हे आंदोलन करणाऱ्या एकाही पक्षाला अजून कळलेलं नाही.

काट्यावर ठेवून बघा

अर्थ बाजूला ठेवू आणि वस्तूच हातात घेऊ. जांभळी नाक्याच्या बाजारात मी नारळवाल्या दादांना एक सोललेला नारळ काट्यावर ठेवायला सांगितला. ५८० ग्रॅम भरला. शेजारच्या गाडीवरचा मध्यम टोमॅटो ९० ग्रॅम. क्रिकेटचा सीझन बॉल साधारण १६० ग्रॅमचा असतो. म्हणजे एक नारळ साडेतीन सीझन बॉलच्या वजनाचा, आणि तितकाच टणक. ऑस्ट्रेलियाचा फिलिप ह्यूज २०१४ मध्ये मानेवर बसलेल्या एका चेंडूने गेला, तोही डोक्यावर हेल्मेट असताना.

आता वेग बघा. ताफा ताशी ४० किलोमीटरने येतोय आणि समोरून कोणी तेवढ्याच वेगाने नारळ भिरकावला, तर काचेला तो ताशी ८० च्या वेगाने भेटतो. वेग दुप्पट झाला की आघात चौपट होतो. काच फुटली तर पहिल्यांदा कोणाच्या तोंडावर येणार? पुढे बसलेल्या ड्रायव्हरच्या. तो कुठल्याही मेळाव्यात भाषण करत नाही. महिन्याचा पगार घेतो आणि रात्री घरी जातो.

त्या शनिवारनंतर नवव्या दिवशी नारळी पौर्णिमा होती. चेंदणी कोळीवाड्यातून खाडीवर मिरवणूक निघते, नारळ पाण्यात सोडला जातो. सोडला जातो, भिरकावला जात नाही. नारळ तोच, पण हाताची क्रिया बदलली की वस्तू बदलते. "खायचीच तर वस्तू आहे" हा युक्तिवाद मला इथेच लंगडा वाटतो. खाण्याची वस्तू अंगावर येते तेव्हा ती वजन, वेग आणि टणकपणा घेऊन येते. चव तिच्याबरोबर येत नाही. साध्या अंड्यानेही डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. याउलट पिकलेला टोमॅटो सदऱ्यावर फुटला तर धोब्याकडे जावं लागतं, डॉक्टरकडे नाही. दोन्हींना एकाच मापाने मोजणं चूक आहे.

कायदा काय म्हणतो

कायद्यात यासाठी एक अवघड नाव आहे, फौजदारीपात्र बलप्रयोग. सोप्या भाषेत सांगायचं तर, समोरच्याच्या मर्जीविरुद्ध, त्याला इजा करायच्या, घाबरवायच्या किंवा त्रास द्यायच्या हेतूने त्याच्या अंगाला काहीही लागेल असं करणं. हा शब्द एकदाच समजून घ्या, पुढे मी त्याला नुसता बलप्रयोग म्हणेन.

१८६० च्या भारतीय दंड संहितेत ही व्याख्या होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती कलम १२९ मध्ये आली. कायद्याच्या पुस्तकातच तिचं एक उदाहरण आहे, आणि ते मला फार बोलकं वाटतं. एकाने दगड फेकला. दगड माणसाला लागला नाही, पाण्यात पडला, आणि उडालेलं पाणी त्याच्या कपड्यांवर गेलं. हेतू घाबरवायचा किंवा नुसता त्रास द्यायचा असला, तरी तो बलप्रयोग झाला. म्हणजे पावसाळ्यात खड्ड्यातलं पाणी मुद्दाम कोणाच्या अंगावर उडवणंसुद्धा यात बसतं. टोमॅटो, ताक, शेण हे सगळं यात आलंच. जखम झालीच पाहिजे अशी अट नाही.

अंगाला काही लागलं नाही, पण आता लागणार अशी भीती वाटेल असा हावभाव केला, तर त्याला कायदा हमला म्हणतो (कलम १३०). रोखून उगारलेली मूठसुद्धा यात येते.

पण शिक्षा बघा. कलम १३१ प्रमाणे जास्तीत जास्त तीन महिने कैद किंवा एक हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. कायदा स्वतःच सांगतो आहे की गुन्हा आहे, पण लहान आहे. एखाद्याची बेइज्जती करण्याच्या हेतूने हे केलं तर कलम १३३ खाली शिक्षा दोन वर्षांपर्यंत जाते. समोर लोकसेवक असेल आणि त्याला त्याच्या कामापासून रोखण्यासाठी हे केलं असेल तर कलम १३२, तिथेही दोन वर्षं. मंत्री लोकसेवक आहे. आमदाराचं काय? अंतुले यांच्या खटल्यात १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आमदार हा दंड संहितेच्या अर्थाने लोकसेवक नाही. नुसत्या पक्षाध्यक्षाचा तर प्रश्नच येत नाही. नेता जितका मोठा तितका गुन्हा मोठा, असं सरसकट नसतं.

आणि निषेधाचा हक्क? तो राज्यघटनेच्या १९ व्या अनुच्छेदात आहे. बोलण्याचं स्वातंत्र्य आहे, आणि "शांततेने व विनाशस्त्र" एकत्र जमण्याचंही आहे. घोषणा, काळे झेंडे, पुतळ्याचं दहन, प्रतिमेला जोडे, रस्त्यावर ओतलेलं दूध यांच्यावर पोलीस वेगळ्या कारणांनी हरकत घेतील कदाचित, पण यातलं काहीच दुसऱ्याच्या अंगावर जात नाही. अंग ही रेघ आहे.

तो एक सेकंद

आता जे सांगते ते कायद्याच्या पुस्तकात नाही.

फेब्रुवारी २०१७. ठाणे महापालिकेच्या निवडणुकीचा प्रचार. माझी मावसबहीण पहिल्यांदाच उभी होती. कळव्याच्या एका चाळीत ती आठ-दहा बायकांबरोबर घरोघरी फिरत होती, आणि दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून पांढरं काहीतरी थेट तिच्या डोक्यावर, तोंडावर आलं. डोळे चुरचुरायला लागले. तिला त्या क्षणी एकच शब्द आठवला, आणि तो तुम्हालाही आठवला असेल. ॲसिड.

तिने पदर तोंडावर ओढला आणि समोरच्या पहिल्या उघड्या दारात शिरली. थेट मोरीत. नळाला पाणी नव्हतं. घरातल्या आजींनी एक शब्द न विचारता पिंपातून तांब्या भरला आणि तिच्या तोंडावर ओतत राहिल्या. एक, दोन, तीन... बहिणीने नंतर सांगितलं की सातव्या तांब्यापर्यंत ती गालाला हात लावायला घाबरत होती. आपला चेहरा जागेवर आहे का, हे तिला बघायचं नव्हतं.

मग तिला वास आला. हिंगाचा. ते मीठ-हिंग घातलेलं ताक होतं.

बाहेर आली तेव्हा लोक हसत होते. कोणीतरी म्हणालं, "अहो ताई, एवढं काय? ताकच तर होतं!"

हा प्रसंग मी इतका सविस्तर सांगते, कारण सगळ्या वादाची गाठ मला इथे दिसते. फेकणाऱ्याला ठाऊक असतं की पेल्यात काय आहे. बघणाऱ्यांना अर्ध्या मिनिटात कळतं. ज्याच्या अंगावर येतं त्याला त्या सेकंदात काहीच ठाऊक नसतं, आणि त्याने घाबरावं म्हणूनच तर फेकलेलं असतं. आपल्या कायद्यात ॲसिड फेकण्याला किमान दहा वर्षं आणि फेकण्याच्या प्रयत्नाला किमान पाच वर्षं शिक्षा ठेवली आहे. हे उगाच झालेलं नाही. त्या बायकांचे चेहरे आपण पाहिले आहेत. अशा देशात एका बाईच्या तोंडावर पांढरं काहीतरी फेकून "ताकच तर होतं" म्हणता येत नाही.

अजून एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर चित्र अर्धवट राहील. त्या चाळीत दिवसाला अर्धा तास पाणी यायचं. ताक फेकणाऱ्याचा राग खोटा नव्हता. पण माझी बहीण तोपर्यंत सोसायटीची सेक्रेटरीसुद्धा झालेली नव्हती. राग ज्यांच्यावर होता ते त्या चाळीच्या पायऱ्या चढतच नव्हते. जी चढली, तिच्यावर तो ओतला गेला.

मग याला राजकीय हिंसा म्हणायचं का?

राजकीय हिंसा म्हणजे राजकारणात आपलं म्हणणं खरं करण्यासाठी समोरच्याला मारून, जखमी करून किंवा भीती घालून बाजूला सारणं. या व्याख्येत खून येतो, दंगल येते, घर जाळणं येतं. टोमॅटो येतो का?

माझं उत्तर असं आहे की तो त्याच रस्त्यावर उभा आहे, पण अगदी पहिल्या मैलाच्या दगडापाशी. घरगुती उपमा द्यायची तर, दूध कोमट होतं आणि दूध उतू जातं, यात फरक आहे. कोमट दुधाला उतू गेलं म्हणून ओरडायचं नसतं. पण खाली गॅस चालू आहे, हे विसरायचंही नसतं.

ओरडण्याचं उदाहरण आपल्या जवळचंच आहे. १० डिसेंबर २०२२ ला पिंपरी-चिंचवडमध्ये तेव्हाचे मंत्री चंद्रकांत पाटील यांच्यावर शाई फेकली गेली. महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकरांबद्दल त्यांनी वापरलेल्या शब्दांचा तो निषेध होता. पोलिसांनी आधी लावलेल्या कलमांत ३०७ होतं. ३०७ म्हणजे खुनाचा प्रयत्न! शाईने? बंदोबस्तावरच्या पोलिसांनाही निलंबित केलं गेलं. पुढे ते कलम काढावं लागलं, निलंबनही मागे घेतलं गेलं. लहान गुन्ह्याला मोठं कलम लावलं की दोन नुकसानं होतात. फेकणारा हुतात्मा होतो, आणि खुनाच्या प्रयत्नाचं कलम स्वस्त होतं. बलप्रयोगाला बलप्रयोगच म्हणावं. शाईला ॲसिड म्हणू नये, आणि ताकाला प्रसादही म्हणू नये.

ब्रिटनमध्ये हा वाद गेली काही वर्षं पेटलेला आहे. मे २०१९ मध्ये न्यूकॅसलला नायजेल फराज या नेत्यावर मिल्कशेक फेकला गेला. फेकणाऱ्याला १५० तास समाजसेवा आणि ३५० पौंड भरपाई अशी शिक्षा झाली. ४ जून २०२४ ला क्लॅक्टनमध्ये पुन्हा त्याच नेत्यावर केळ्याचा मिल्कशेक आला. त्या तरुणीला १३ आठवड्यांची कैद झाली, पण स्थगित, म्हणजे वर्षभर नीट वागली तर तुरुंगात जायचं नाही. फराज यांची मतं मला अजिबात पटत नाहीत. तरी तिथले लोक एका मिल्कशेकने का हादरतात, ते समजतं. २०१६ मध्ये जो कॉक्स आणि २०२१ मध्ये डेव्हिड एमेस, असे दोन खासदार आपल्या मतदारांना भेटायला गेले असताना मारले गेले. ज्या देशात हे घडलं, तिथे गर्दीतून अचानक पुढे आलेला हात पेला घेऊन आला आहे की सुरा, हे आधी कळत नाही. आणि क्लॅक्टननंतर आठवडाभरातच बार्न्सलीत त्याच नेत्याच्या प्रचाराच्या बसवर खालून कप आणि आणखी काही वस्तू भिरकावल्या गेल्या. नक्कल करणाऱ्याला पेल्यातला पदार्थ आठवत नाही, फेकणं तेवढं आठवतं.

"पण नेते जे करतात, ती हिंसा नाही का?"

हा आक्षेप सगळ्यात जोरकस आहे, आणि तो खोटा नाही. खड्ड्यात पडून माणूस मरतो. कर्जापायी शेतकरी जातो. उशिरा आलेल्या रुग्णवाहिकेत बाळ दगावतं. यात कोणी कोणावर हात उचललेला नसतो, तरी माणसं मरतात, आणि कोणाच्या तरी सहीमुळे किंवा सही न केल्यामुळे मरतात. त्यापुढे एक टोमॅटो म्हणजे काय?

काहीच नाही, हे मी मान्य करते. पण मग टोमॅटोने त्या खड्ड्याचं काय होतं तेही बघायला हवं. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात खड्डा नसतो, टोमॅटो असतो. नेता सदरा बदलतो, "मी अशा हल्ल्यांना घाबरत नाही" म्हणतो, आणि कालपर्यंत ज्याला जाब विचारला जात होता तो आज सहानुभूती घेऊन जातो. ज्याच्याकडून हिशेब घ्यायचा त्यालाच आपण पीडित करून ठेवतो.

शिवाय हिंसा उलट दिशेने किती पटकन येते ते बघा. सप्टेंबर २०२३ मध्ये सोलापुरात धनगर आरक्षणाच्या मागणीसाठी एका कार्यकर्त्याने मंत्री राधाकृष्ण विखे-पाटील यांच्या डोक्यावर भंडारा उधळला. भंडारा, म्हणजे हळद, खंडोबाचा प्रसाद. विखे-पाटलांनी नंतर भंडारा पवित्र असल्याचं सांगून तो विषय सौम्यपणे घेतला. पण त्याआधीच आजूबाजूच्यांनी त्या कार्यकर्त्याला खाली पाडून लाथा घातल्या होत्या. हे सगळं कॅमेऱ्यासमोर झालं. त्या खोलीत हिंसा झाली, नक्की झाली. ती हळदीने केली नव्हती. फेकण्याला हल्ला म्हणणाऱ्यांनी या लाथांना आधी हल्ला म्हणायला हवं, आणि तितक्याच मोठ्या आवाजात.

"साध्या मार्गाने कोण ऐकतं?"

निवेदनं देऊन चपला झिजलेल्या माणसाला "शांततेने मागा" सांगणं सोपं असतं. म्हणून उपदेश न करता घडलेलं सांगते.

मार्च २०१८. नाशिकहून निघालेला किसान लाँग मार्च सुमारे १८० किलोमीटर चालत मुंबईला गेला, तो आपल्या ठाण्यातूनच. पूर्व द्रुतगती महामार्गावरून लाल टोप्यांची ती रांग संपतच नव्हती. बायकांचे पाय फुटलेले, काहींच्या पायात चपला नाहीत. ठाण्या-मुंबईतले लोक रस्त्यावर आले ते पाणी, बिस्किटं, चपला घेऊन. शेवटचा टप्पा मोर्चाने रात्रीत चालून पार केला, कारण सकाळी दहावीचा पेपर होता आणि मुलांना त्रास नको होता. १२ मार्चला सरकारला लेखी आश्वासन द्यावं लागलं. सगळ्या मागण्या पुऱ्या झाल्या का? नाही. पण पेपरात त्या दिवशी फुटलेले पाय होते.

आपल्या नवी मुंबईच्या पायाखाली तर याहून कठीण गोष्ट आहे. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला उरणच्या जासई परिसरात जमिनीच्या मोबदल्यासाठी उतरलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून, घेतलेल्या जमिनीपैकी साडेबारा टक्के विकसित करून शेतकऱ्याला परत द्यायची, हे तत्त्व पुढे आलं, आणि पुढे ते देशात इतरत्रही चर्चेत राहिलं. वाशी, नेरूळ, ऐरोलीत ज्यांना साडेबारा टक्क्यांचे भूखंड मिळाले, त्यांच्या घराच्या पायात हा हिशेब आहे.

आता माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जाणारं उदाहरण. ७ एप्रिल २००९ ला दिल्लीत पत्रकार जर्नेल सिंग यांनी तेव्हाचे गृहमंत्री चिदंबरम यांच्या दिशेने बूट फेकला. १९८४ च्या शीख हत्याकांडाचा प्रश्न होता. चिदंबरम यांनी तक्रार केली नाही. आणि काही दिवसांत काँग्रेसने त्या हत्याकांडात आरोप असलेल्या जगदीश टायटलर आणि सज्जन कुमार यांची उमेदवारी काढून घेतली. फेकणं चाललं! हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या बुटामागे पंचवीस वर्षांचं दुःख होतं, आणि मागणी एका वाक्यात सांगता येत होती. जर्नेल सिंग पुढे आमदार झाले, आणि पद्धत चुकली पण प्रश्न चुकला नाही अशीच त्यांची भूमिका राहिली. ठाण्याच्या नारळांमागची मागणी कोणती, हे आज कोणी सांगू शकेल का? ती एका पक्षाची दुसऱ्या पक्षाला दिलेली परतफेड होती. ज्या फेकण्यात मागणी नसते त्याला निषेध म्हणायला माझी जीभ धजावत नाही.

अंगाला हात न लावता हीच वस्तू किती बोलू शकते, तेही बघा. डिसेंबर २०२४ मध्ये बागलाण तालुक्यातल्या चिराई गावात एका शेतकऱ्याने मंत्री नितेश राणे यांच्या गळ्यात कांद्याची माळ घातली. पोलिसांनी त्याला बाजूला नेलं. पण राज्यभर त्या माळेचं चित्र गेलं, आणि कांद्याचा भाव हाच विषय राहिला. २०२१ च्या ऑगस्टमध्ये टोमॅटो दोन-तीन रुपये किलोवर आला, तेव्हा शेतकऱ्यांनी क्रेटच्या क्रेट रस्त्यावर ओतले. वाशीच्या बाजार समितीत रोज माल घेऊन येणाऱ्यांना ते लाल रस्ते बघून काय वाटलं असेल, ते विचारावं लागत नाही. तिथे नुकसान कोणाचं झालं? ओतणाऱ्याचं स्वतःचं. म्हणून बघणाऱ्याला ते लागलं.

शेण कोणी कोणावर फेकलं

शेणाबद्दल बोलायचं तर मराठी माणसाने पुण्यापासून सुरुवात करायला हवी. १८४८ मध्ये भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. सावित्रीबाई शाळेत जायच्या तेव्हा वाटेत लोक त्यांच्यावर शेण आणि दगड फेकत, म्हणून त्या एक जादा लुगडं बरोबर नेत, हे आपण चौथीपासून ऐकतो. फेकणाऱ्यांनाही तेव्हा वाटत असणारच की आपण निषेध करतोय, धर्म वाचवतोय.

दोन्ही प्रसंग सारखे नाहीत. एकीकडे सत्ता गाडीत बसलेली आहे, दुसरीकडे ती शेण फेकणाऱ्यांच्या हातात होती. पण शेणाला हा फरक कळत नाही. फेकणं चालतं असं एकदा ठरवलं, की ज्याच्याकडे जास्त माणसं तो जास्त फेकतो. आणि जास्त माणसं सहसा दुबळ्याकडे नसतात.

किंमत कोण मोजतं

मोठ्या नेत्याचं फारसं काही बिघडत नाही. ताफ्यात दोन गाड्या वाढतात, काचा जाड होतात, बॅरिकेड दहा फूट मागे सरकतं. त्या दहा फुटांच्या पलीकडे पाण्याच्या बिलाचा कागद घेऊन आलेली बाई उभी असते. तिला आधी नेत्याच्या हातात कागद देता यायचा. आता तो पोलिसाच्या हातात द्यावा लागतो.

आणि ज्यांच्याकडे ताफाच नाही, त्यांचं काय? ठाणे महापालिकेत १३१ जागा आहेत, निम्म्या महिलांसाठी. या बायका प्रचार संपल्यावर रिक्षाने किंवा चालत घरी जातात. घरी सासू, नवरा, मुलं विचारतात, "हे सगळं कशाला हवंय?" तोंडावर आलेलं ताक त्या प्रश्नाला बळ देतं.

माझी बहीण ती निवडणूक थोडक्यात हरली. पक्षाने पुढच्या वेळी विचारणा केली तेव्हा तिने नाही म्हणून सांगितलं, कारण दिलं नाही. दुसऱ्यांच्या प्रचाराला मात्र ती आजही जाते. चाळीत शिरताना आधी वर गॅलऱ्यांकडे बघते, मग पुढे पाऊल टाकते. तिच्या पर्समध्ये एक लिटरची पाण्याची बाटली असते, झाकण अर्धं सैल केलेली. मागच्या उन्हाळ्यात मी तहानेने ती मागितली तर म्हणाली, "ती नको ताई, ती प्यायची नाही." आणि दुसरी बाटली काढून दिली.